बोडीकाठचा डोमा, पहाडीवरचा खुजा

दिंडोरीहून बाटली आणली टॉवेलात गुंडाळून,
दोन रेल्वे, एक काळीपिवळी,
शेवटी झनकलालच्या फटफटीवर मांडीत धरून.
चिचटोल्यात फ्रिज एकच, किराणावाल्याचा,
त्यात आइसकांड्या.
म्हणून आत्यानं नाल्याच्या ओल्या रेतीत ती पुरली
गळ्यापर्यंत,
वर पळसाची पानं.
"आठ डिग्री," मी म्हणालो.
"होते ना गा थंड. दम धर."

दिवेलागणीला स्टीलच्या पेल्यात ओतली
आणि मी नोकरीतला पाठ म्हणू लागलो,
जो अकराला, दोनला, साडेचारला
टेस्टिंग रूममधल्या पाहुण्यांपुढे म्हणतो:
शेनिन ब्लां, उशिरा तोडलेली,
रंग फिका, तणसाचा,
नाकाला मध, जर्दाळू, थोडी लिची...
आत्यानं पेला नाकाशी नेला, तिथंच थांबवला.
"जरदाळू मले ठाऊक नाई.
पन हा वास मोहाचा हाय.
रात्री भिजवला न सकाळी झाकण उघडलं, तवाचा.
दुसऱ्या दिवशीचा नाई. पहिल्याच."

मग खाणं.
आमच्याकडे पाहुण्यांपुढे निळं चीज असतं, बदामाची टार्ट.
इथं लाखोळीचे वडे, अंबाडीची भाजी,
बोडीतली भाजलेली मासोळी,
आणि लाल मुंग्यांची चटणी,
जिचं घरटं आत्यानं दुपारीच आंब्यावरून उतरवलं होतं;
मनगटावरचे चावे अजून ताजे.
वड्यापुढं वाईन नुसतं गोड पाणी झाली.
अंबाडीनं तिला अंगणातूनच परत पाठवलं.
मासोळी आणि ती
एकमेकींकडे पाठ करून बसल्या.
मुंग्यांवर मात्र,
मिरची, आंबट, खडेमीठ, त्यावर हा गार गोडवा,
मी डोळे मिटले.
सहा वर्षांत एकाही पाहुण्याला हे सांगितलेलं नाही.
"आता बोलली पाहा ते," आत्या म्हणाली.

"पानी किती पाजता येलीले?"
ठिबक. शेवटी तेही बंद.
तहानलेली ठेवली की साखर चढते.
काळी कसदार नको, मुरमाड हवी, उताराची,
आणि रात्री थंडी.
ती मान हलवत राहिली, शेजारणीच्या सुनेबद्दल ऐकावं तशी.
तिच्या वाट्याला अकरा मोह.
बोडीकाठचा डोमा: फूल मोठं, पाणचट.
पहाडीवरचा खुजा: फूल बारीक,
पण वाळलं की मनुका.
अस्वली, जिच्याखाली पहाटे एकटं जायचं नाही.
सवत, जी वर्षाआड देते, तेही रुसून.
बाकीच्यांची नावं तिनं सांगितली, मी विसरलो.
"खुज्याचा मी येगळा वाळवतो. मिसळत नाई."
हेच वाक्य आमच्या मालकांनी भिंतीवर
पितळी इंग्रजी अक्षरांत लावलंय,
जरा लांबवून.

"तुमच्या येलींचे नावं काय?"
ब्लॉक सात, ओळ बावीस.
ती हसली नाही.
ओठांनी आकडा एकदा म्हणून पाहिला.

"न उशिरा तोडता म्हंजे कवा?"
मणी घडावरच सुरकुतू लागले की.
"आमी तोडतच नाई," ती म्हणाली.
"तो सोडते. आमी येचतो."

पहाटे चारला तिच्याकडे टोपली, माझ्याकडे टॉर्च.
खुज्याखालचा पाचोळा जाळून जमीन साफ केलेली.
राखेवर फूल पडायचं, टप्,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग टप्, टप्.
एक उचलून तोंडात टाकलं, राखेसकट.
जर्दाळू, मी म्हणालो. थोडी लिची.
अंधारात वाकलेली आत्या वर न बघता म्हणाली,
"होय का? मंग तसंच असन."